नंबर शंभर, लाइनी आठ

ऑफिसच्या फोनची देखभाल करणाऱ्या माणसाला एक प्रश्न कधी ना कधी विचारला जातोच. विचारणारा बहुधा हिशेब बघणारा असतो. हातात टेलिफोन कंपनीचं बिल, बिलावर ठेवलेलं बोट. "आपल्याकडे शंभर नंबर आहेत ना? मग इथे लाइनी आठच कशा? उरलेल्या ब्याण्णव गेल्या कुठे?"

मी त्याला जिन्याखालच्या खोलीत घेऊन जातो. भिंतीवर ईपीएबीएक्सची पेटी असते, म्हणजे ऑफिसचं स्वतःचं छोटं एक्स्चेंज. एका अंगाने आत, टेबलाटेबलावर जाणाऱ्या तारांचं जंगल. दुसऱ्या अंगाने बाहेरून येणाऱ्या जोड्या, मोजून आठ. तो मोजतो. पुन्हा मोजतो. मग मी त्याच्याच व्हिजिटिंग कार्डावरच्या नंबरवर मोबाइलवरून फोन लावतो आणि वरच्या मजल्यावर त्याच्याच टेबलावरचा फोन वाजताना ऐकू येतो. रिसेप्शनवर काही वाजलेलं नसतं, कुणी "एक मिनिट, जोडून देते" म्हटलेलं नसतं. बाहेरचा फोन थेट त्याच्या एक्स्टेंशनवर गेलेला असतो.

या सोयीला डायरेक्ट इनवर्ड डायलिंग म्हणतात, थोडक्यात डीआयडी. काही देशांत हेच डीडीआय नावाने चालतं. ती कळण्यात अडचण एकच आहे. घरच्या फोनमुळे आपल्या डोक्यात नंबर आणि तार यांचं लग्न लागलेलं असतं: एक नंबर, एक तार, एक यंत्र. डीआयडी समजून घ्यायचं तर आधी त्यांना वेगळं करावं लागतं. नंबर हा पत्ता आहे आणि लाइन हा रस्ता. एका गल्लीत शंभर घरं असली म्हणून कुणी शंभर रस्ते बांधत नाही.

ही फारकत नवी नाही, फोन आपोआप जोडले जाऊ लागले तेव्हापासूनची आहे. आल्मन स्ट्रौजर नावाच्या अमेरिकी गृहस्थाला १८९१ साली स्वयंचलित स्विचचं पेटंट मिळालं. त्याचा मूळ धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. एक्स्चेंजमधली ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, अशी आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, ऑपरेटरवाचून फोन जोडण्यामागे इतकं खमंग कारण असलेलं मला आवडतं. त्याच्या पद्धतीवर उभ्या राहिलेल्या एक्स्चेंजमध्ये तुम्ही एकेक आकडा फिरवत जायचात आणि तिकडे एकेक स्विच हलत जायचा. शेवटचा स्विच शेवटचे दोन आकडे घ्यायचा: पहिल्याने त्याचा दांडा दहापैकी एका पायरीवर चढायचा, दुसऱ्याने तिथल्या दहापैकी एका जागी वळायचा. दहा गुणिले दहा, म्हणजे शंभर जागा.

म्हणजे नंबर ही वाट सांगणारी सूचना होती. "आधी या भागात जा, मग या कपाटात, मग चौथ्या पायरीवर सातव्या जागी." प्रत्येक टप्प्यावर काही आकडे खर्ची पडायचे आणि उरलेले पुढच्या टप्प्याच्या हवाली व्हायचे. आता हा शेवटचा टप्पा एक्स्चेंजमधून उचलून ऑफिसात नेऊन ठेवा. एक्स्चेंज सुरुवातीच्या आकड्यांवरून ऑफिस ओळखेल, आणि उरलेले आकडे ऑफिसच्या पेटीच्या हातात देऊन म्हणेल, "पुढचं तू बघ." डीआयडी म्हणजे एवढंच.

त्याआधी काय होतं? एकच बोर्ड नंबर. फोन रिसेप्शनवर यायचा, बोलणारा म्हणायचा "दोनशे सदतीस द्या", आणि ऑपरेटर दोर खोचून किंवा बटण दाबून जोडून द्यायची. नंतर तिच्या जागी "विक्री विभागासाठी एक दाबा" सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज आला. दोन्हींत गंमत अशी की एक्स्चेंजच्या लेखी फोन उचलला गेलेला असतो. बाहेरून फोन करणाऱ्याच्या पैशांचं मीटर "एक दाबा" ऐकतानाच सुरू झालेलं असतं. डीआयडीमध्ये ज्याला फोन केला त्याने रिसीव्हर उचलल्यावर मीटर सुरू होतं. न उचलल्यास फोन करणाऱ्याचं काही जात नाही.

आता ते आकडे नेमके हातात दिले कसे जातात ते पाहू. जुन्या तारेच्या जोडीवरची पद्धत मला सगळ्यात जास्त भावते, कारण ती उलटी आहे. घरच्या फोनला वीज एक्स्चेंज पुरवतं. आपण रिसीव्हर उचलतो, एक्स्चेंज डायल टोन देतं, आपण नंबर फिरवतो. डीआयडीच्या लाइनवर वीज ऑफिसची पेटी पुरवते आणि एक्स्चेंज आपल्या घरच्या फोनसारखं वागतं! तेच 'रिसीव्हर उचलतं' आणि तेच आकडे फिरवतं. पेटी तयार आहे हे कळावं म्हणून ती तारेवरच्या विजेची दिशा क्षणभर उलटी करून परत सरळ करते. याला विंक म्हणतात, डोळा मिचकावणं. साधारण सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका हा मिचकावा मिळाला, की एक्स्चेंज शेवटचे आकडे पाठवतं: २, ३, ७. पेटी तिच्याकडच्या यादीत बघते आणि २३७ वर रिंग देते. फोन करणाऱ्याला ऐकू येणारी ट्रिंग-ट्रिंगही ऑफिसचीच पेटी ऐकवत असते. आतल्या माणसाने फोन उचलला की पेटी दिशा पुन्हा उलटी करते आणि तशीच ठेवते. मीटर इथे सुरू होतं.

या उलटेपणाने नवशिक्या तंत्रज्ञाची फजिती होते. तो तपासायचा हँडसेट त्या जोडीला लावतो, कानाला लावतो, आणि डायल टोनच नाही. तो लाइन मेली म्हणून तक्रार नोंदवतो. लाइन धडधाकट असते. तिथे टोन द्यायला कुणी बसलेलंच नसतं. त्याच कारणाने या लाइनवरून बाहेर फोनही करता येत नाही. ती फक्त येणाऱ्यांसाठीची वाट आहे, जाणाऱ्यांसाठी वेगळ्या लाइनी घ्याव्या लागतात.

मग डिजिटल जमाना आला. आठ तांब्याच्या जोड्यांऐवजी पीआरआय नावाची एक जाड वाट. जगातल्या बहुतेक देशांत ती सेकंदाला २,०४८ किलोबिटची असते आणि तिचे बत्तीस कप्पे पाडलेले असतात, प्रत्येक ६४ किलोबिटचा. तीस कप्प्यांतून बोलणं जातं, एक कप्पा ताल जुळवण्यासाठी, आणि एक कप्पा फक्त निरोपांसाठी राखलेला. उत्तर अमेरिकेत कप्पे चोवीस, त्यांतले तेवीस बोलण्याचे. निरोपांचा कप्पा आला आणि मिचकावे संपले. फोन आला की एक्स्चेंज त्या कप्प्यातून चिठ्ठी पाठवतं: हा नंबर फिरवला गेलाय, हा माणूस फिरवतोय, याचं बोलणं अमुक कप्प्यातून येईल. पेटी उत्तर देते: मिळालं; मग, वाजतोय; मग, उचलला. आकड्यांसाठी वेगळी कसरत उरली नाही, ते चिठ्ठीतच लिहिलेले.

जर्मन भाषकांनी यात एक सुंदर वळण घेतलं आहे. तिथे या सोयीला दुर्शवाल म्हणतात, आरपार फिरवणं. कार्डावर ऑफिसचा मूळ नंबर, मग एक आडवी रेघ, मग एक्स्टेंशन. रेघेपुढे शून्य लावलं की रिसेप्शन. आपला पत्ता कुठे संपतो आणि आतल्या टेबलाचा कुठे सुरू होतो ते कागदावरच दिसतं. आपल्या कार्डांवर ती रेघ नसते, म्हणून तर ब्याण्णव लाइनी हरवतात.

आज बहुतेक ठिकाणी तारही गेली. फोन इंटरनेटच्या वाटेने, सिप नावाच्या नियमावलीनुसार येतात. तिचं सध्याचं मूळ रूप २००२ सालचं. सिपमध्ये येणारा फोन म्हणजे अक्षरशः वाचता येईल अशी मजकुराची चिठ्ठी असते, आणि तिचं नाव 'इन्व्हाइट', आमंत्रण. पहिल्या ओळीत हे आमंत्रण कुठे पोहोचवायचं ते. खाली 'टू' ची ओळ, मूळ कुणाला पाठवलं ते. 'फ्रॉम' ची ओळ, कुणाकडून. आवाज या चिठ्ठीतून जात नाही, त्याची वाट वेगळी ठरते.

पहिली ओळ आणि 'टू' ची ओळ बहुतेक वेळा सारखीच असते, म्हणून लोक त्यांतला फरक विसरतात. मीही विसरलो होतो. एका ऑफिसची जुनी वाट बंद करून सिप सुरू केलं, शनिवारी दोन नंबर तपासले, चालले, घरी गेलो. सोमवारी सकाळी साडेनऊला रिसेप्शनवरच्या बाईंचा फोन: "अहो, सगळ्यांचे फोन माझ्याकडेच येतायत." शंभरच्या शंभर नंबर. शनिवारी मी तपासलेले दोन नंबर नेमके रिसेप्शनचेच होते, हे लिहिताना आजही कान गरम होतात. चिठ्ठ्या उघडून पाहिल्या. सेवा देणाऱ्यांनी पहिल्या ओळीत आमच्या खात्याचं नाव घातलं होतं, प्रत्येक फोनला तेच. फिरवलेला खरा नंबर खाली 'टू' च्या ओळीत नीट लिहिलेला. आमची पेटी फक्त पहिली ओळ वाचत होती. ओळखीचा नंबर दिसला नाही की पाहुण्याला दारातल्या बाईंकडे बसवायचं, हे तिला आम्हीच शिकवलेलं. एक सेटिंग बदललं आणि फोन आपापल्या टेबलावर गेले. त्या दोन तासांत बाईंनी किती फोन हाताने जोडून दिले ते त्यांनी मला नंतर बऱ्याचदा सांगितलं.

याच जातीचा दुसरा घोळ आकड्यांच्या संख्येचा. पेटीच्या यादीत लिहिलंय ४२३७. समोरून कधी शेवटचे चार आकडे येतात, कधी पूर्ण राष्ट्रीय नंबर, कधी पुढे अधिक चिन्ह लावून देशाच्या संकेतांकासकट, जो आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पंधरा आकड्यांपर्यंत लांब असू शकतो. माणसाला हे तिन्ही एकच दिसतात. पेटीला दिसत नाहीत. ती अक्षराला अक्षर जुळवते, जुळलं नाही की ४०४ चा शेरा मारून परत पाठवते. वेबसाइट सापडली नाही की दिसतो तोच ४०४. म्हणून सेवा घेताना पहिला प्रश्न विचारावा: "तुम्ही किती आकडे पाठवता?"

आणि यादी तरी सरळ असते का? आतला एक्स्टेंशन नंबर आणि बाहेरच्या नंबरचे शेवटचे आकडे जुळले तर उत्तम, पण नेहमी जुळत नाहीत. समजा तुम्हाला मिळालेला गठ्ठा ९२०० ते ९२९९ असा आहे. तुमच्या ऑफिसात बाहेरची लाइन घ्यायला आधी नऊ दाबायची सवय आहे. आता आतून कुणी ९२३७ दाबायला घेतलं तर पहिल्या नऊलाच पेटी बाहेरची लाइन देऊन मोकळी होईल. शून्य ऑपरेटरचा असेल तर त्याचीही हीच गत. मग यादीत भाषांतर करावं लागतं: बाहेरून ९२३७ आला तर आत २२३७ वाजव. गठ्ठा घेण्याआधीच हे पाहिलं तर वाचतं. कुणी पाहत नाही.

आता हिशेबवाल्यांचा खरा प्रश्न: शंभर जणांना आठ लाइनी पुरतात हे कशावरून? याचं उत्तर कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने दिलं. त्याचं सूत्र १९१७ सालचं आहे आणि आजही तेच वापरलं जातं. फोनच्या गर्दीच्या मापाला त्याचंच नाव आहे. एक लाइन तासभर अखंड भरलेली असली की तो एक अर्लांग. समजा आपल्या ऑफिसात सगळ्यात गर्दीच्या तासाला साठ फोन येतात आणि सरासरी तीन मिनिटं चालतात. एकशे ऐंशी मिनिटं, म्हणजे तीन अर्लांग. सरासरीने तीन लाइनी भरलेल्या.

मग तीनच घ्याव्यात? फोन रांग लावून येत नाहीत. पाच मिनिटं शुकशुकाट आणि मग एका मिनिटात चार, असा त्यांचा स्वभाव. अर्लांगच्या सूत्रात हे आकडे घालून पाहिले: तीन लाइनींवर शंभरातले जवळजवळ पस्तीस फोन परत जातात. पाचवर अकरा. सहावर पाच. सातवर दोन. आठवर एकापेक्षा कमी. म्हणून आठ. आणि याहून मजेची गोष्ट पुढे आहे. फोन दुप्पट झाले, तासाला एकशे वीस, तर लाइनी सोळा लागत नाहीत, तेरा पुरतात. गर्दी जितकी मोठी तितकी ती एकमेकांना सांभाळून घेते. एकाचं बोलणं संपतं तेवढ्यात दुसऱ्याचं सुरू होतं. प्रत्येक टेबलाला वेगळी लाइन देणं म्हणजे हा सगळा फायदा पाण्यात.

सूत्राची एक अट मात्र विसरू नये. फोन करणारे एकमेकांना न विचारता, आपापल्या वेळी फोन करतात असं ते धरून चालतं. "शंका असल्यास फोन करा" असं पत्र सगळ्या ग्राहकांना एकाच दिवशी पाठवलंत, तर त्या दिवशी अर्लांग तुमच्या मदतीला येणार नाही. आणि ज्या वाटेवरून येणारे नि जाणारे दोन्ही फोन धावतात, तिथे बाहेर जाणाऱ्यांनाही हिशेबात धरा. विक्री विभागाने सकाळी सकाळी सगळे कप्पे अडवले की बाहेरच्या ग्राहकाला दार बंद.

अशा वेळी ग्राहकाला 'बिझी' ऐकू येतं आणि इथे दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात मिसळतात. माणूस दुसऱ्याशी बोलतोय, ही एक. त्याच्यापर्यंत जायला वाटच मोकळी नाही, ही दुसरी. यंत्रणेच्या नोंदीत पहिलीचा क्रमांक १७, दुसरीचा ३४. बऱ्याच देशांत दुसरीचा टोन जास्त घाईघाईने वाजतो. "तुमचा फोन सारखा एंगेज असतो" अशी तक्रार आली की मी आधी नोंदीतले ३४ मोजतो. ते बरेच निघाले तर लाइन वाढवायची. १७ निघाले तर तो माणूस खरंच बोलत असतो आणि त्याला व्हॉइसमेल किंवा शेजारच्या टेबलावर फोन वळवण्याची सोय पुरते.

डीआयडीचे काही दुष्परिणामही आहेत. नंबर सलग असतात हे विक्रीचे फोन करणाऱ्यांनाही ठाऊक असतं. दुपारी तीन वाजता एका टोकाच्या टेबलावर फोन वाजतो, उचलला की कट. मग शेजारच्या. मग त्याच्या शेजारच्या. वाऱ्याने शेतातली कणसं ओळीने झुकावीत तशी ती रिंग मजल्यावरून फिरत जाते. रिसेप्शनची चाळणी काढून टाकली की धूळही थेट आत येते.

बाहेर जाणाऱ्या फोनवर कोणता नंबर दिसावा हा वेगळाच विषय, आणि तो डीआयडीने आपोआप सुटत नाही. पेटीला सांगावं लागतं: याचा स्वतःचा दाखव, की सगळ्यांचा बोर्ड नंबर. यात एक बाब गंभीर आहे. हे शंभर नंबर कागदोपत्री एकाच पत्त्यावर नोंदलेले असतात. कुणी आपलं एक्स्टेंशन लॅपटॉपवर टाकून घरी नेलं आणि तिथून रुग्णवाहिकेला फोन केला, तर समोरच्या पडद्यावर ऑफिसचा पत्ता दिसू शकतो. ही सोय देताना घरून तातडीचा फोन मोबाइलवरूनच करायचा, हे त्या माणसाला बजावून सांगावं.

नावाच्या सारखेपणामुळे अजून एक गफलत होते. डीसा नावाची एक सोय असते, तिचा डीआयडीशी संबंध नाही. तिच्यात बाहेरच्या माणसाला ऑफिसच्या पेटीचा डायल टोन मिळतो आणि तिच्यातून तो पुढे कुठेही फोन करू शकतो, ऑफिसच्या खर्चाने. पासवर्ड कच्चा असला की भुरटे रात्रभर परदेशी फोन करतात. कुणी सहज म्हणून सुरू करायला सांगितली तर मी सरळ नाही म्हणतो.

त्या सोमवारनंतर मी एक नेम केला. नवी वाट सुरू झाली की सगळेच्या सगळे नंबर मोबाइलवरून फिरवायचे, शंभर तर शंभर. कंटाळवाणं काम आहे, अर्धा दिवस जातो. हातात यादी, समोर नाव, खूण करत जायचं. माणूस सोडून गेलेले नंबर यात हटकून सापडतात. नोकरी सोडणारा चावी परत करतो, नंबर कुणी परत मागत नाही, आणि त्याचे ग्राहक त्यावरच फोन करत राहतात.

मागच्या खेपेला ४२६१ फिरवला. यादीत नाव नव्हतं. रिंग जात होती, कुणी उचलेना. मजल्यामजल्यावर कान लावत फिरलो तेव्हा जुन्या फायलींच्या कपाटामागून बारीक आवाज आला. कपाट सरकवलं. फोन जमिनीवर होता, धुळीने पांढरा, व्हॉइसमेलचा लाल दिवा लुकलुकत असलेला. आत अकरा निरोप होते. सगळ्यात जुना आठ महिन्यांपूर्वीचा.